बंदूक भिंतीवरची, भांडण संसदेतले

निवडणूक जाहीर झाली की आपल्या गावात सर्वांत आधी कोणाची धावपळ होते? उमेदवाराची नव्हे, कार्यकर्त्याची तर नव्हेच. ज्याच्या घरात परवान्याची बंदूक आहे त्या शेतकऱ्याची. पोलीस पाटलाचा निरोप येतो, बंदूक ठाण्यात जमा करा. मग बंदूक पोत्यात गुंडाळून तालुक्याला जायचे, पावती घ्यायची आणि निकाल लागेपर्यंत रानडुकरांना हात जोडून म्हणायचे, बाबांनो, तेवढा भुईमूग सोडा. पावती खिशात असते, डुकरे रानात असतात.

आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. म्हणजे बंदूक हे कुळवासारखे, पाभरीसारखे शेतीचे अवजार असू शकते, हे कायद्यालाही मान्य आहे. पण तो हक्क नव्हे, परवानगी. नूतनीकरणासाठी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

वाचकहो, हे दुखणे आपल्याच मुलखाचे आहे असे समजू नका. आज तुम्हाला दूरच्या एका देशातली गोष्ट सांगायची आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी भिंतीवरच्या बंदुकीसाठी सतरा वर्षे भांडण केले. बंदूक न उचलता केले, हे महत्त्वाचे. आणि हे भांडण सुरू झाले ते एका भयंकर हत्याकांडानंतर, म्हणजे बंदुकीच्या बाजूने तोंड उघडायलाही लाज वाटावी अशा वेळी.

देश कॅनडा. आपल्याला तो माहीत आहे पंजाबी मंडळींमुळे. पण दुसरीही एक ओळख आहे, ती थेट आपल्या चुलीपर्यंत येते. बाहेरून आपल्या बाजारात जी मसूर येते तिच्यातली बरीचशी कॅनडातल्या सस्केचेवान प्रांतात पिकलेली असते. त्या प्रांतात शेते हजारो एकरांची, वस्त्या विरळ, शेजारी कोसभर लांब. पोलिसाला फोन केला तर तो पोचेपर्यंत जे व्हायचे ते होऊन जाते. रानात कोयोट असतो, कोल्ह्या-लांडग्याच्या मधला प्राणी, तो वासरे आणि मेंढरे पळवतो. जमिनीत गोफर असतो, खारीच्या जातीतला, तो कुरण पोखरून ठेवतो आणि त्या बिळांत गायीचा पाय मोडतो. उत्तरेला अस्वले. तिथल्या शेतकऱ्याच्या घरात एखादी रायफल किंवा छऱ्याची बंदूक असणे म्हणजे आपल्याकडे कोयता असण्यासारखेच.

सहा डिसेंबरची संध्याकाळ

१९८९ सालचा ६ डिसेंबर. माँट्रियल शहरातल्या एकोल पॉलितेक्निक या अभियांत्रिकी महाविद्यालयात पंचवीस वर्षांचा एक तरुण रायफल घेऊन शिरला. एका वर्गात त्याने मुली एकीकडे आणि मुलगे दुसरीकडे अशी विभागणी केली, मुलग्यांना बाहेर घालवले आणि मुलींवर गोळ्या झाडल्या. मग इमारतभर फिरत राहिला. चौदा स्त्रिया मेल्या. बहुतेक जणी अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी, उद्याच्या इंजिनीअर. शेवटी त्याने स्वतःलाही संपवले. बायका पुरुषांच्या जागा घेतात, हा त्याचा राग होता. त्याचे नाव इथे मुद्दाम देत नाही, नाव छापून त्याला मोठा कशाला करायचा?

आता ती रायफल. रुगर मिनी-१४. काळ्या बाजारातली नव्हे, दुकानातून रीतसर कागद दाखवून विकत घेतलेली. तिथे त्या काळी बंदूक विकत घ्यायला प्रमाणपत्र लागत असे, ते त्याच्याकडे होते. शिकारीसाठी हवी म्हणून सांगितले, दुकानदाराने दिली. आणि नेमकी हीच रायफल शेतावर कोयोट मारण्यासाठी वापरली जात असे. चाप ओढला की दरवेळी एक गोळी, मध्ये हाताने काही करावे लागत नाही. शेतकऱ्याच्या गाडीत असते ती वस्तू आणि माँट्रियलच्या वर्गात होती ती वस्तू एकच. सगळ्या भांडणाची गाठ इथे आहे. पुढे जे काही वाचाल ते या गाठीभोवतीच फिरते.

मेलेल्या मुलींचे आईबाप गप्प बसले नाहीत. त्या दिवशी त्याच महाविद्यालयात असलेली हायडी राथयेन ही विद्यार्थिनी आणि वेंडी कुकिये या प्राध्यापक बाई पुढे आल्या आणि बंदूक नियंत्रणासाठी संघटना उभी राहिली. पाच लाखांहून अधिक सह्या गोळा झाल्या. १९९१ मध्ये पहिला कायदा झाला. बंदूक घेण्यापूर्वी अठ्ठावीस दिवसांची वाट, मॅगझिनमध्ये किती गोळ्या बसाव्यात यावर मर्यादा, घरात बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती. शेतकऱ्यांनी थोडी कुरकुर केली, पण फार नाही. कुलपाला कोण नाही म्हणणार?

खरी ठिणगी पडली १९९५ मध्ये. ज्याँ क्रेतियाँ यांचे सरकार होते, ॲलन रॉक न्यायमंत्री. त्यांनी सी-६८ नावाचे विधेयक आणले. त्यात दोन गोष्टी होत्या आणि त्या वेगवेगळ्या समजून घ्या. एक, बंदूक बाळगणाऱ्या प्रत्येक माणसाला परवाना. दोन, प्रत्येक बंदुकीची सरकारी नोंदणी. आपल्या भाषेत सांगायचे तर एक लायसन्स आणि दुसरे आरसी बुक. पिस्तुलांची नोंदणी तिथे १९३४ पासून होतीच, आता भिंतीवर टांगलेली आजोबांची छऱ्याची बंदूकही सरकारदरबारी लिहून द्यायची होती. आणि न लिहिली तर दंडाची पावती नव्हे, थेट फौजदारी कायदा.

शेतकरी बिथरला तो इथे. माणसाने फॉर्म भरायला उशीर केला, क्रमांक चुकीचा लिहिला, तर तो गुन्हेगार? त्याचे म्हणणे साधे होते. माँट्रियलच्या माणसाकडे कागद होते, कागदाने तो थांबला का? आणि ज्याच्याकडे चोरीची बंदूक आहे तो नोंदवायला येणार आहे का? मग नोंद होणार कोणाची, तर माझी.

हक्क नाही, मग काय?

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, नाहीतर पुढचे नीट कळणार नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत बंदूक बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे. कॅनडाच्या घटनेत तो नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तो मान्य केलेला नाही. म्हणजे कॅनडाचा शेतकरी या बाबतीत अमेरिकेच्या शेतकऱ्यापेक्षा आपल्या शेतकऱ्याला जवळचा. त्याला घटनेचे पान उघडून दाखवता येत नव्हते. अल्बर्टा प्रांताने दावा लावला, इतर काही प्रांत बरोबर आले, म्हणाले की मालमत्तेचा विषय प्रांतांचा आहे, केंद्राने यात हात घालू नये. जून २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. बंदूक धोक्याची वस्तू आहे, लोकांच्या सुरक्षिततेसाठी केंद्र कायदा करू शकते, असा निकाल.

कोर्टाची वाट बंद झाली. उरली ती सभेची, अर्जाची आणि मताची. ती त्यांनी आधीपासून धरलीच होती. १९९४ आणि १९९८ च्या सप्टेंबरात संसदेसमोर मेळावे भरले. नाव काय, तर ‘फेड अप’, म्हणजे ‘वैतागलो’. हजारो माणसे शिकारीच्या टोप्या घालून ओटावाला आली. मेळावा झाला, भाषणे झाली, माणसे घरी गेली. आपल्याकडच्या मोर्चांचे होते तेच झाले. सरकार हलले नाही.

हलवले ते कागदाने. सस्केचेवानचे खासदार गॅरी ब्राइटक्रॉइट्झ यांनी माहिती मागवण्याच्या कायद्याखाली अर्ज टाकायला सुरुवात केली. एक नाही, दोन नाही, शेकडो. नोंदणीवर खर्च किती झाला? संगणकावर किती? किती अर्ज चुकीचे आले? हे काम कोणाला दिसत नाही, त्याला टाळ्या पडत नाहीत. पण बंदुकीवर प्रेम असो वा नसो, पैशाचा हिशोब शहरातल्या माणसालाही कळतो.

सुरुवातीला सरकार म्हणाले होते, फी वजा जाता नोंदणीचा बोजा पडेल फक्त वीस लाख डॉलर. डिसेंबर २००२ मध्ये महालेखापरीक्षक शीला फ्रेझर यांचा अहवाल आला. २००४-०५ पर्यंत हा कार्यक्रम शंभर कोटी डॉलरच्या वर जाईल, असा अंदाज त्यात होता. वीस लाख कुठे आणि शंभर कोटी कुठे! संसदेला याची नीट माहितीच दिली गेली नाही, असाही ठपका ठेवला. एखाद्या पाझर तलावाचे अंदाजपत्रक फुगते ते आपण पाहिले आहे, पण हे काही औरच. त्या दिवसापासून वाद ‘बंदूक चांगली की वाईट’ असा राहिला नाही. ‘हा पैसा पोलिसांवर, सरहद्दीवर, दवाखान्यांवर का नाही खर्च केला’ असा झाला. शेतकऱ्यांची बाजू पहिल्यांदा शहरात ऐकू गेली.

दोन मतांनी गेले

२००६ मध्ये स्टीफन हार्पर यांचे हुजूर पक्षाचे सरकार आले, पण बहुमत नव्हते. नोंदणी न केलेल्यांना माफी देण्यापलीकडे ते जाऊ शकले नाही. मग मॅनिटोबाच्या खासदार कँडिस होपनर यांनी खासगी विधेयक आणले, लांब नळीच्या बंदुकांची नोंदणी बंद करा. नोव्हेंबर २००९ मध्ये पहिल्या मतदानात विरोधी बाकांवरच्या जवळपास वीस ग्रामीण खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून त्याला पाठिंबा दिला. का दिला? मतदारसंघातल्या दुकानात, चर्चच्या पायरीवर, हॉकीच्या मैदानावर त्यांना रोज कोणीतरी तोच प्रश्न विचारत होते म्हणून.

पुढचे वर्षभर दोन्ही बाजूंनी त्या वीस जणांच्या मागे लागण्याची स्पर्धा चालली. पोलीस प्रमुखांची संघटना नोंदणीच्या बाजूने उभी राहिली. घरावर जाण्यापूर्वी आत बंदूक आहे का हे आम्हाला कळते, असे त्यांचे म्हणणे. माँट्रियलच्या मुलींचे आईबाप पुन्हा ओटावाला आले. आणि महिला संघटनांनी एक गोष्ट सांगितली, जी मला या सगळ्या वादात सर्वांत जड वाटते. त्या म्हणाल्या, खेड्यातल्या घरात बायकोला धमकावायला पिस्तूल लागत नाही, भिंतीवरची हीच लांब बंदूक पुरते. शिवाय कॅनडात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतांश आत्महत्या असतात. खेड्यातल्या, एकट्या पडलेल्या माणसांच्या.

हे वाचून आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाच्या पोटात कालवेल. आपल्याकडे फवारणीचे औषध असते, तिकडे बंदूक. कर्ज, पाऊस, भाव, एकटेपण, बाकी सगळे तेच. शेतकरी संघटनेचा माणूस ‘अवजार आहे’ म्हणतो तेव्हा ते खोटे नाही. पण औषधाचा डबाही अवजारच आहे ना? तो कुलपात ठेवा म्हणून आपण सांगतोच की.

२२ सप्टेंबर २०१० ला मतदान झाले. काही खासदार फिरले. १५३ विरुद्ध १५१. दोन मतांनी नोंदणी वाचली.

आपल्याकडे असे झाले असते तर दुसऱ्या दिवशी बस पेटली असती. तिथे लोकांनी कोण फिरले त्यांची नावे लिहून ठेवली आणि निवडणुकीची वाट पाहिली. मे २०११ मध्ये हार्पर यांना बहुमत मिळाले, अर्थात एकट्या बंदुकीमुळे नव्हे. फेब्रुवारी २०१२ मध्ये १५९ विरुद्ध १३० मतांनी नोंदणी रद्द झाली आणि ५ एप्रिल २०१२ ला कायदा लागू झाला. जुन्या नोंदी पुसून टाकल्या गेल्या. क्वेबेक प्रांत म्हणाला, त्या मुली आमच्या होत्या, आमच्या नोंदी आम्हाला द्या. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार असा निकाल दिला, देता येणार नाहीत. क्वेबेकने मग स्वतःचा कायदा केला आणि २०१८ पासून आपली वेगळी नोंदणी सुरू केली.

बारकाईने पाहा, शेतकरी काय जिंकले आणि काय नाही. माणसाचा परवाना कायम राहिला. प्रशिक्षण, पूर्वचौकशी, कुलूप, अर्जदाराच्या बायकोला किंवा नवऱ्याला कळवण्याची पद्धत, सगळे राहिले. गेले ते आरसी बुक. लायसन्स गेले नाही. शेतकऱ्यांनीही ते जावे म्हणून फारसा हट्ट धरला नाही आणि म्हणूनच ते जिंकले, असे माझे मत आहे.

पुन्हा एकदा

पण गोष्ट इथे संपत नाही. १८ आणि १९ एप्रिल २०२० ला नोव्हा स्कोशिया प्रांतात पोर्टापिक या खेड्यापासून सुरू होऊन एका माणसाने पोलिसाचा वेश करून बावीस जणांना मारले. त्याच्याकडे परवानाच नव्हता, बहुतेक बंदुका अमेरिकेतून चोरून आणलेल्या. १ मे रोजी जस्टिन ट्रूडो यांच्या सरकारने संसदेत न जाता आदेश काढला आणि सुमारे दीड हजार प्रकारच्या बंदुकांवर बंदी घातली. यादीत रुगर मिनी-१४ होती. माँट्रियलनंतर तीस वर्षांनी.

आईबाप म्हणाले, इतकी वर्षे का लावलीत? शेतकरी म्हणाले, परवाना नसलेल्याच्या गुन्ह्याची शिक्षा परवानाधारकाला का? मला विचाराल तर दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. आणि दोघांनाही सरकारकडून धड उत्तर मिळाले नाही.

पुन्हा सह्या. संसदेकडे गेलेल्या एका अर्जावर दोन लाख तीस हजारांच्या वर सह्या झाल्या. पुन्हा सप्टेंबरात ओटावात मोर्चा. पुन्हा दावा, तो २०२३ मध्ये फेडरल कोर्टाने फेटाळला आणि अपिलातही २०२५ मध्ये फेटाळला गेला. मोर्चाने नाही, कोर्टाने नाही, याही वेळी यश आले ते तिसऱ्याच वाटेने.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारने नव्या विधेयकात ऐनवेळी एक दुरुस्ती घुसवली. शेकडो पानांची यादी, तिच्यात शिकारीच्या साध्या रायफलीही आल्या. आता नुसते शेतकरी नव्हे, तर कॅनडाचे मूळ रहिवासी, म्हणजे आपल्याकडच्या आदिवासींसारखे समाज, उठले. हरीण मारून हिवाळा काढणारी ही माणसे. त्यांच्या राष्ट्रीय सभेने डिसेंबरात तातडीचा ठराव करून विरोध केला. सत्ताधारी पक्षातलेही काही खासदार कुरकुरले. समितीने गावोगावच्या लोकांना बोलवा, अशी मागणी वाढली. ३ फेब्रुवारी २०२३ ला सरकारने दुरुस्ती मागे घेतली.

याच डिसेंबरात एक प्रकार घडला तो सांगायलाच हवा. केरी प्राइस हे माँट्रियलच्या हॉकी संघाचे मोठे नाव. आपल्याकडे गावसकर, तेंडुलकर म्हणावे तसे. मूळ रहिवासी समाजातल्या आईचा मुलगा, रानात शिकार करत वाढलेला. त्याने बंदुकीसह स्वतःचा फोटो टाकला, मी गुन्हेगार नाही, असे सांगितले आणि बंदूकधारकांच्या एका संघटनेला पाठिंबा दिला. ६ डिसेंबरला तीन दिवस उरले होते. आणि त्याच संघटनेने आपल्या मालाच्या विक्रीवर सवलत मिळवण्यासाठी जो शब्द ठेवला होता, तो होता ‘पॉली’. पॉलितेक्निकचा पॉली! माँट्रियल पेटून उठले. प्राइस म्हणाला, मला त्या शब्दाची कल्पना नव्हती. संघाने दिलगिरी व्यक्त केली. इतक्या वर्षांच्या सभा, अर्ज, हिशोब यांनी जी पत कमावली होती ती एका शब्दाने घालवली. फोटो आवडलेल्या अनेक शिकाऱ्यांनाही तो शब्द ऐकून मान खाली घालावी लागली असेल.

बंदी घातलेल्या बंदुका सरकार विकत घेणार होते. त्यासाठी दिलेली माफीची मुदत २०२२ वरून २०२३, तिथून २०२५, तिथून २०२६ अशी पुढे जात राहिली. सरकारी मुदत म्हणजे काय हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तोवर बंदूक घरातच, पण कुलपात. वापरायची नाही, विकायची नाही.

१९८९ च्या त्या वर्गात चार गोळ्या लागूनही वाचलेली एक विद्यार्थिनी होती, नाताली प्रोव्हो. इंजिनीअर झाल्या, संसार केला, पुढे बंदूक नियंत्रणाच्या चळवळीचा चेहरा झाल्या. एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत त्या खासदार म्हणून निवडून आल्या. माँट्रियलच्या दक्षिणेचा, शेतमळ्यांचा भाग असलेला त्यांचा मतदारसंघ. तिथेही मतदारांच्या घरी शिकारीच्या बंदुका आहेत. आणि आता कोयोटने वासरू नेले म्हणून तक्रार घेऊन येणारा शेतकरी त्यांच्याच दाराशी येणार.